मदत हवी आहे: रास्पबेरीच्या मळ्यावर गोडाची अंगतपंगत

नमस्कार मंडळी,

न्यू जर्सीतली आम्ही काही मराठी कुटुंबं ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी रास्पबेरीच्या मळ्यावर जमतोय. शरदातली रास्पबेरी ऑगस्टअखेरपासून कडाक्याच्या थंडीनं दव गोठेपर्यंत मिळते, म्हणून आधी फळं तोडायची आणि मग गोडाची अंगतपंगत. मळ्यात बाकं आहेत, वीज आणि फ्रिज नाही.

माझा जीव श्रीखंडात अडकलाय. ताज्या रास्पबेरीबरोबर ते फार सुरेख लागतं! पण दोन तासांहून जास्त बाहेर ठेवायला नको, मग पातेलं बर्फात बसवून वाढावं का? कोणी केलंय? गरम बासुंदीत ही आंबट फळं घातली तर दूध फाटतं, म्हणून तो बेत रद्द. नारळाच्या वड्या, शंकरपाळे, बेसनाचे लाडू टिकतात. आणखी काय सुचवाल?

दोन मुलांना काजू-बदाम अजिबात चालत नाहीत. त्यांचे पदार्थ, चमचे, टेबल सगळं वेगळं ठेवतोय. अजून कोणती काळजी घ्यावी? शिवाय या दिवसांत गोडावर गांधीलमाश्या फार येतात. जाळीच्या झाकणांखेरीज काही उपाय माहीत असेल तर जरूर सांगा. साडेसहाच्या आतच सूर्य मावळतो, त्यामुळे वाढप पाचपर्यंत उरकायचंय.