पेसमेकरनंतरचे दिवस: तुमचे अनुभव लिहा

काल गोव्यात म्हापशाच्या बाजारात कांगलां, आंबाडे, सुपारीचे घड मांडलेले दिसले आणि पाच वर्षांपूर्वीची गणेशचवथ आठवली. पेसमेकर बसून तीनच आठवडे झाले होते. तारा हृदयात नीट रुजेपर्यंत डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नव्हता, आणि माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची फळा-पानांची चौकट, तर डोक्याच्या वर बांधायची! खुर्चीत बसून मुलाला सांगत राहिलो, नारळ मधे घे, गाठ दुहेरी मार. बांधून झाल्यावर आत जाऊन रडलो. आता हात पुरा वर जातो, पण माटोळी तोच बांधतो. तुमचं कसं चाललंय?

अबोली: आमच्या ह्यांनी भीतीने चार महिने हात हलवलाच नाही. खांदा आखडला, तेच जास्त दुखलं. खांद्याच्या खाली हात हलवत राहा हो. थांबा, कुकर झाला.

डिचोलीकर: मोबाइल डाव्या खिशात नको, १५ सेंमी तरी लांब. मोपा विमानतळावर पेसमेकरचं कार्ड दाखवलं, लगेच सोडलं.

सुरंगी: इंडक्शन दोन फुटांवरून वापरा म्हणाले. एवढ्या लांबून फोडणी कशी घालणार? गॅसवर परत आले. माशाच्या हुमणाचं वाटण मिक्सरमध्येच, फक्त तो छातीशी धरत नाही.

माड: कांगलां मिळाली? आमच्याकडे अजून नाहीत.

अबोली: शुक्रवारी बघा.

नवीन४४: पुढच्या आठवड्यात माझं आहे. मुलगी सातवीत. झोप लागत नाही.

डिचोलीकर: ताई, १९५८ मध्ये स्वीडनला पहिला पेसमेकर बसला तो आर्ने लार्सन यांना. २००१ मध्ये गेले, ८६ वर्षांचे होऊन. आईची बॅटरी अकरा वर्षांनी बदलली, तारा त्याच. संपत आली की तपासणीत आधीच कळतं.

सुरंगी: मुलीला सगळं सांगा. लपवलं की पोरं जास्त घाबरतात.

पाणवठा: एक जड गोष्ट लिहितो. बाबा गेले तेव्हा अग्नी देण्याआधी पेसमेकर काढावा लागतो हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. चितेत तो फुटतो. शेजारच्या नर्सबाई धावत आल्या म्हणून कळलं. घरच्यांना आजच सांगून ठेवा.

अबोली: दादा, वाचून गलबलले. ह्यांच्या कार्डामागे लिहून ठेवते.

माड: आरतीला घुमट, आपलं मातीचं वाद्य, वाजवलेलं चालतं?

डिचोलीकर: डॉक्टरांना विचारून तीन महिन्यांनी सुरू केलं. जखमेवर दाबू नका. यंदा पाचही दिवस वाजवणार.