टुरिस्ट व्हिसावर कॅनडा, मग आश्रयाचा अर्ज: करावा की नाही?

मांडवी_जेट्टी: दापोली-खेड पट्ट्यात एजंटांचं सध्या एकच पालुपद. आखातात आता राम उरला नाही, कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा काढ, उतरल्यावर आश्रय माग, वर्क परमिट मिळतंच. माझं मत सरळ आहे: असल्याला ओटीवरही घेऊ नका. बोटीचं कर्ज, बुडालेली आंब्याची बाग, भाऊबंदकी यांवर कुणी निर्वासित ठरत नाही. निर्वासितांबाबतच्या 1951 च्या आंतरराष्ट्रीय करारात छळाची कारणं पाचच: वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट, राजकीय मत. शिवाय कॅनडात ही संधी एकदाच. दावा फेटाळला किंवा स्वतः मागे घेतला, तर दुसरा दाखल होत नाही. आधी अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडमध्ये अर्ज केला असेल, तर पहिलाही निर्वासितांचे दावे ऐकणाऱ्या बोर्डापुढे जात नाही.

खाडीपलीकडून: एजंट लबाड, इथवर मान्य. पण तुम्ही अर्जाचाच रस्ता बंद करताय. पाच कारणांवर थांबू नका. तिथल्या निर्वासितविषयक कायद्याच्या कलम 97 मध्ये यातना आणि जिवाचा धोका हाही आधार आहे, मात्र तो त्या माणसाला व्यक्तिशः असावा लागतो. आंतरधर्मीय लग्न केलेलं जोडपं, घरच्यांच्या धमक्या झेलणारा समलिंगी मुलगा, यांनी तुमचं वाचून गप्प बसायचं का?

प्रक्रियाही एजंटाशिवाय जमण्यासारखी आहे. दावा विमानतळावर करता येतो, आत गेल्यावर ऑनलाइनही. बोटांचे ठसे, फोटो, मेडिकल. पासपोर्ट ते ठेवून घेतात. मुख्य कागद म्हणजे ‘बेसिस ऑफ क्लेम’, दावा कशावर उभा आहे ते सांगणारा फॉर्म, घरातल्या प्रत्येकाचा वेगळा. त्यातला दुसरा प्रश्न हा सगळ्या दाव्याचा कणा. कुणी, कधी, काय केलं? पोलिसांकडे गेलात का? देशात दुसरीकडे राहून पाहिलंत का? निघालात ते तेव्हाच का, आधी का नाही? मराठी एफआयआर तसाच जोडून चालत नाही. इंग्रजी किंवा फ्रेंच भाषांतर हवं, सोबत भाषांतरकाराचं सहीचं निवेदन. आणि असे पुराव्याचे कागद सुनावणीच्या किमान 10 दिवस आधी पोचले पाहिजेत.

मांडवी_जेट्टी: “दुसरीकडे राहून पाहिलंत का”, बरोबर तिथेच आपल्याकडचे दावे आपटतात. गावकीनं वाळीत टाकलं, असं समजू. बोर्ड दोन गोष्टी तपासतं: देशातल्या दुसऱ्या शहरात खरा धोका आहे का, आणि तिथे राहायला सांगणं वाजवी आहे का. अर्धं कोकण मुंबईत चाकरमानी. “नागपुरात का नाही राहिलात?” याला काय सांगणार? वर सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राचा 2016 चा कायदा आहेच. तक्रार का केली नाही, हाही प्रश्न येतो.

खाडीपलीकडून: येतो, पण त्याला उत्तर असतं. धमकावणारे मुंबईत पोचले होते का, फोनवरून माग काढला का, तक्रार द्यायला गेल्यावर ठाण्यात काय झालं, हे तारखांसकट लिहा. “पोलीस काही करत नाहीत” एवढ्यानं भागत नाही.

हर्णै४१५: तां सगळां खरां, पण एजंट लिहून देतो ती कहाणी कोण बघणार? व्हिसाच्या फॉर्मवर “बहिणीकडे बारशाला”, दाव्यात “जीव मुठीत घेऊन पळालो”. दोन्ही कागद सरकारकडेच. बहाणा करून बाहेर पडावं लागलं असेल तर दाव्यातच तसं कबूल करावं, नाहीतर सुनावणीत पहिला अर्धा तास त्यातच जातो. एकाच एजंटाच्या चार गिऱ्हाइकांत तोच परिच्छेद, फक्त गावाचं नाव वेगळं, असं झालं की खऱ्याचंही खोटं ठरतं.



मांडवी_जेट्टी: आणि मंजूर झाल्यावरचं एजंट कधीच सांगत नाही. संरक्षण मिळालेला माणूस भारतीय पासपोर्ट नवा करून गणपतीला गावी आला, तर “मायदेशाचं संरक्षण पुन्हा घेतलं” असं धरून दर्जा काढण्याची कारवाई होऊ शकते. 2012 च्या दुरुस्तीनंतर त्यात कायम निवासही जातो. निर्वासितांचं प्रवासपत्र भारताला यायला चालत नाही. म्हणजे आईच्या दिवसांनाही नाही.

खाडीपलीकडून: ज्याच्या जिवावर बेतलंय तो हे जाणूनच निघतो. बाकीच्यांनी जाऊ नये, इतकंच म्हणत असाल तर माझा वाद नाही.

हर्णै४१५: एजंटाचा फॉर्म आधीच गेला असेल तर?

खाडीपलीकडून: दुरुस्ती करता येते. बदललेला मजकूर अधोरेखित करायचा, सही-तारीख घालायची, मजकूर पूर्ण आणि खरा असल्याचं निवेदन जोडायचं आणि सुनावणीच्या 10 दिवस आधी पाठवायचं. चूक कशी झाली हे सुनावणीत विचारतील. एजंटाचे व्हॉट्सअॅप मेसेज डिलीट करू नका.