‘शू शॉप’ आणि ‘स्पोर्ट्स शॉप’

इंग्रजीत दोन नामं जोडून समास करताना पहिलं नाम नेहमी एकवचनीच हवं, असा नियम सांगितला जातो. बहुतेक ठिकाणी ते बरोबर आहे: टूथब्रश, शू शॉप, टेन-रुपी नोट. पण मग स्पोर्ट्स शॉप, सेव्हिंग्ज अकाउंट, कस्टम्स ड्यूटी, आर्म्स रेस यांचं काय? इथे ‘एस’ काढला की काही ठिकाणी अर्थच बदलतो. आर्म म्हणजे हात, आर्म्स म्हणजे शस्त्रं. ‘कस्टम ड्यूटी’ मात्र आपल्याकडे सर्रास लिहिलं जातं, तेही सुशिक्षितांकडून, याचं मला फार वाईट वाटतं. गंमत म्हणजे ट्राउझर्स कायम अनेकवचनी, तरी ‘ट्राउझर प्रेस’मध्ये (पँटला इस्त्री करायचं यंत्र) ‘एस’ गळतो!

आपण चुकतो ते मराठीच्या वळणामुळे. पुण्यात अप्पा बळवंत चौकात आपण पुस्तकांच्या दुकानात जातो, लक्ष्मी रोडला बुटांच्या. हा ‘-ांच्या’ डोक्यात असल्याने ‘शूज शॉप’ हातून लिहिलं जातं.

मुलांच्या भाषेचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ पीटर गॉर्डन यांचा 1985 सालचा प्रयोग यासाठी जरूर वाचावा. तीन ते पाच वर्षांची इंग्रजीभाषक मुलं ‘माइस-ईटर’ (माइस हे ‘माउस’चं अनेकवचन) म्हणत, पण ‘रॅट्स-ईटर’ जवळजवळ कधीच नाही, तिथे ‘रॅट-ईटर’च. म्हणजे अनियमित अनेकवचन समासात चालतं, ‘एस’वालं सहसा नाही. असे समास मुलांच्या कानावर फारसे पडतही नसतात, तरी हा भेद त्यांना कळतो.

ब्रिटिश इंग्रजी अनेकवचनाला थोडी जास्त सैल आहे. तिकडे ‘ड्रग्ज प्रॉब्लेम’, अमेरिकेत ‘ड्रग प्रॉब्लेम’. त्यामुळे विद्यार्थ्यांच्या वहीत अशा जोड्यांवर लाल रेघ मारण्याआधी कोश उघडावा.