मदत हवी आहे: उजवी तर्जनी अर्धी असलेल्या माणसाला स्वतः खेळता येतील असे आरपीजी (पीएस ५, ठाणे)

नमस्कार मंडळी,

माझे बाबा ६७ वर्षांचे आहेत. वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत ३१ वर्षं फिटर होते. नोकरीत असताना पॉवर प्रेसमध्ये त्यांच्या उजव्या हाताची तर्जनी सापडली. ती मधल्या पेराच्या पुढे नाही. बाकी हात धडधाकट आहे, घरातले नळ अजून तेच दुरुस्त करतात. त्यांना आरपीजी, म्हणजे एका पात्राची भूमिका घेऊन गोष्ट पुढे नेण्याचे व्हिडिओ गेम, खेळायचे आहेत. शेजारी बसून बघायचे नाहीत, स्वतःच्या हाताने खेळायचे आहेत. गेम कोणता घ्यावा आणि कंट्रोलरचं काय करावं, दोन्ही विचारायला हा धागा काढलाय.

थोडं मागचं सांगते, म्हणजे सुचवणाऱ्यांना अंदाज येईल.

आम्ही लोकमान्यनगरला राहतो. मागच्या पावसाळ्यात मी सेकंडहँड पीएस ५ (प्लेस्टेशन ५, टीव्हीला जोडायचा गेम कन्सोल) घेतला आणि विचर ३ लावला. गेम २०१५ चा, पण माझा राहूनच गेला होता. आईच्या मालिका साडेनऊला संपल्या की टीव्ही माझ्या ताब्यात. बाबा पेपर घेऊन बसायचे. इंग्रजी त्यांना ड्रॉइंगवर असतं तेवढं कळतं, भराभर बोललेलं पकडता येत नाही, म्हणून मी खेळता खेळता मराठीत सांगत जायचे. गेममधल्या व्हेलनच्या दलदलीत पोचेपर्यंत पेपर घडी होऊन बाजूला गेला होता.

तिथे ब्लडी बॅरन भेटतो. (पुढे रहस्यभेद आहे, खेळायचा असेल त्यांनी हा परिच्छेद सोडा.) दारूडा, बायकोला मारणारा, बायको-मुलगी दोघी घर सोडून गेलेल्या. पोटातच गेलेलं मूल त्याने नाव न देता पुरलेलं असतं, त्याचं पिशाच्च झालेलं असतं. ते मारून टाकायचं की बापाने त्याला हातावर घेऊन घरापर्यंत न्यायचं, हे आपण ठरवायचं. मी दुसरा मार्ग घेतला. रात्रीची वेळ, तो धिप्पाड माणूस ते भेसूर पोर छातीशी धरून चालतोय. घरापाशी पोचल्यावर तो तिला नाव देतो आणि उंबरठ्याखाली पुरतो. बाबांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. "थांब जरा. बारसं करतोय तो पोरीचं." मग बराच वेळ कुणीच बोललं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उपवनला फिरून आले, चहाचा कप हातात घेतला आणि पहिला प्रश्न, "त्याची बायको सापडली का गं?"

तेव्हापासून मी काहीही लावलं तरी खुर्ची माझ्या शेजारी असते. गेल्या वर्षभरात जे खेळले त्याबद्दल माझं मत खाली देते, पण आता प्रत्येक गेमकडे मी बाबांच्या हाताने बघायला लागले आहे.

किंगडम कम डिलिव्हरन्स २ (२०२५, चेक कंपनीचा, पंधराव्या शतकातला बोहेमिया). नायक हेन्री लोहाराघरी वाढलेला. यात भट्टीवर काम करता येतं: भाता मारायचा, लोखंड तापवायचं, ऐरणीवर ठेवून तालात ठोकायचं, उलटवायचं, पुन्हा तापवायचं. मी घाईघाईने ठोकत होते. बाबा पुढे सरकले. "अजून तापू दे. रंग बघ ना, रंग." आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कंट्रोलर मागितला. घोड्याचा नाल ठोकून झाल्यावर त्यांनी टीव्हीकडे बघितलं तसं मी त्यांना रिटायर झाल्यापासून कशाकडे बघताना पाहिलं नव्हतं. पण भट्टीबाहेर पडलं की या गेममधली तलवारबाजी फार कठीण. मलाच दहा वेळा मरायला होतं. कंट्रोलरच्या वरच्या कडेला उजव्या तर्जनीखाली येणाऱ्या आर-१, आर-२ या बटणांपाशी बाबांची गाडी अडली ती अडलीच.

त्या रात्री त्यांनी तेलाच्या फडक्यात गुंडाळलेला व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचं साधन) बाहेर काढला. कंट्रोलर नेहमीसारखा हातात धरला, आर-२ पासून बोटाच्या टोकापर्यंतचं अंतर मला मोजायला लावलं. १८ मिलिमीटर कमी पडतात. मधलं बोट वर नेलं तर कंट्रोलरची पकड सुटते. विचरमध्येही तेच: तलवारीचे वार समोरच्या बटणांवर असल्यामुळे जमतात, पण जादूची चिन्हं आर-२ वर आहेत. ती नसली तर अर्धा विचर गेला.

टर्न-बेस्ड, म्हणजे पाळीपाळीने लढायचा गेम घे, असं सगळेच सांगतील, म्हणून मी एक्स्पिडिशन ३३ घेतला. फ्रान्समधल्या माँपेलिएच्या छोट्या कंपनीचा हा पहिलाच गेम, २०२५ चा. दरवर्षी एक चित्रकर्ती खांबावर आकडा रंगवते आणि त्या वयाची सगळी माणसं धूर होऊन विरून जातात. पहिल्या तासाभरात बंदरावर जो निरोप होतो, त्याच्या तोडीचं मी गेममध्ये काही पाहिलेलं नाही. पण टर्न-बेस्ड ही नुसती पाटी आहे. शत्रूची पाळी आली की त्याचा वार नेमक्या क्षणी चुकवायचा किंवा परतवायचा, आणि परतवायचं बटण आर-१, म्हणजे पुन्हा तेच बोट. आपण हल्ला करताना दाबायची बटणं आपोआप व्हावीत अशी सोय आहे, बचाव मात्र आपणच करायचा. सर्वात सोप्या पातळीवरही बाबा दोन लढायांनंतर म्हणाले, "तूच खेळ, मी बघतो." ते वाक्य मला सहन झालं नाही.

बाल्डर्स गेट ३ (२०२३, बेल्जियमच्या लॅरियनचा) खऱ्या अर्थाने थांबून राहतो. चहा करून या, फोन घेऊन या, शत्रू जागचा हलत नाही. वीस बाजूंचा फासा बाबांना फार आवडला, प्रत्येक वेळी तेच टाकायचे. प्रेताला उठवून पाच प्रश्न विचारता येतात हे कळल्यावर आधी कागदावर प्रश्न ठरवून घ्यायचे, वाया जायला नकोत म्हणून. पण नियम डोंगराएवढे, पडदाभर बारीक चित्रं आणि आमचा टीव्ही ३२ इंची. माझ्याशिवाय त्यांचं पान हलत नाही.

डिस्को एलिसियम माझा स्वतःचा सर्वात लाडका, लढाई नावालाही नाही. पण दहा लाखांवर शब्दांचं इंग्रजी वाचायचं म्हणजे बाबांसाठी तो बाद. पुण्यात बनलेला राजी (२०२०) कुणी सुचवेल, तो मी खेळलाय. सुंदर आहे, पण आरपीजी नाही आणि उड्या-मारामारीला हात चपळ लागतो.

तर जाणकारांनो, लढाईत घड्याळ अजिबात नसलेला, अक्षरं मोठी, इंग्रजी सोपं, आणि गोष्ट धरून ठेवणारी असा आरपीजी आहे का? आर-१, आर-२ ची कामं दुसरीकडे नेता येतात का? मागच्या बाजूला बटणं असलेला कंट्रोलर ठाणे-नवी मुंबईत कुणाकडे असेल तर अर्धा तास हातात घेऊन बघता येईल का? किंमत मोठी आहे, न बघता घ्यायचा धीर होत नाही.

प्रतिसाद १

बाबांना नमस्कार सांगा. ड्रॅगन क्वेस्ट ११ एस घ्या, डोळे मिटून. पीएस ४ चा गेम आहे, पीएस ५ वर चालतो. लढाई शुद्ध पाळीपाळीची, तुम्ही हुकूम देईपर्यंत कुणी हलत नाही, आणि दिशा बटणं नि एक्स एवढ्यावर सगळं भागतं. सोबत्यांना डावपेच ठरवून दिले की ते आपापले लढतात. मी आधी मोफत डेमो खेळलो होतो, दहाएक तास चालला आणि तिथला सेव्ह (जिथवर खेळलो ती नोंद) मूळ गेममध्ये पुढे नेता आला.

आणि मुख्य गोष्ट: यात सुरुवातीच्या भागातच एक छोटी भट्टी मिळते. तिच्यावर तलवारी-ढाली स्वतः घडवायच्या. तेही पाळीने! कुठे ठोका मारायचा ते निवडायचं, प्रत्येक ठोक्यागणिक तापमान उतरतं, आणि ठोके मोजकेच. तुमच्या बाबांसाठीच केल्यासारखी आहे.

प्रतिसाद २

ताई, बटणं बदलायला वेगळा कंट्रोलर लागत नाही. पीएस ५ च्या सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटी, त्यात कंट्रोलर्स. तिथे आर-२ चं काम दुसऱ्या बटणाला देता येतं. अ‍ॅक्सेसरीजमध्ये जाऊन ट्रिगरचा (आर-२ सारख्या बटणांचा) जोर बंद करा, बोटावर ताण येत नाही. दोन कंट्रोलर मिळून एकच खेळाडू अशीही सोय आहे, २०२३ च्या अपडेटपासून. म्हणजे आर-२ तुम्ही दाबायचं, बाकी बाबांनी.

माझ्याकडे ड्युअलसेन्स एज आहे. त्याला मागे दोन बटणं, मधल्या बोटाखाली येतात. त्यातल्या एकावर आर-२ लावून ठेवतो. मी कोपरखैरणेला राहतो, स्टेशनपासून पाच मिनिटं. रविवारी घेऊन या बाबांना.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. दोन कंट्रोलरची युक्ती मला माहीत नव्हती, पण ती बाबांना सांगितलेली नाही. त्यांना मध्ये कुणी नकोय, मीसुद्धा.

पहिला प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. भट्टीपाशी आले तेव्हा म्हणाले, "एका ठोक्याला किती उतरतं, ते लिहिलंय का?" डेमो रात्रीच डाउनलोडला लावला. बाबांनी जुन्या वहीतलं एक पान फाडून त्यावर ठोके आणि तापमान असे दोन रकाने आखून ठेवले आहेत.

कोपरखैरणेला रविवारी येतो. बाबा उपवनहून साडेआठला परततात, दहाची वाशी लोकल पकडू. व्हर्नियर ते सोबत आणणार आहेत, तुमच्या कंट्रोलरचं माप घेतलं तर चालेल ना?