डुकराची चरबी मुळात बनते कुठे?
चरबी यकृतात तयार होते आणि चरबीपेशी ती नुसती साठवतात, असं म्हटलं जातं. माणसाबाबत हे बरंचसं खरं, डुकराबाबत नाही. डुकरात नवी चरबी प्रामुख्याने चरबीपेशीतच बनते, तीही मुख्यतः ग्लुकोजपासून. म्हणून तर प्रयोगशाळेत पाठीवरच्या चरबीचे बारीक तुकडे पोषक द्रवात जिवंत ठेवतात, त्यांना किरणोत्सारी कार्बनची खूण असलेलं ग्लुकोज देतात आणि त्यातलं किती चरबीत उतरलं ते मोजतात. फार देखणी पद्धत आहे ही! इन्सुलिन घातलं की आकडा चढतो. सोबत ग्रोथ हॉर्मोन (वाढीचं संप्रेरक) घातलं की तोच चढ दबतो.

इथेच खरी मेख आहे. वाढत्या डुकरात ग्रोथ हॉर्मोन साठलेली चरबी जाळण्यापेक्षा नवी बनणं रोखतं. पेशी इन्सुलिनला पूर्वीसारखी दाद देत नाही, आत येणारं ग्लुकोज घटतं आणि फॅटी अ‍ॅसिड सिंथेज हे चरबी बनवणारं विकरही (एन्झाइम) कमी पडतं. हे हॉर्मोन रोज टोचलेल्या डुकरांच्या पाठीवर चरबीचा थर पातळ राहतो तो मुख्यतः यामुळे.

अ‍ॅड्रेनॅलिन या ताणाच्या वेळी स्रवणाऱ्या हॉर्मोनचा रस्ता वेगळा: ते आधीचा साठा फोडतं. दोघांना एकाच माळेत ओवू नये.