२१ दिवसांत सवय लागते म्हणे, मग माझी का मोडते?

सकाळी अर्धा तास वाचायचं आणि ऑफिसचं काम सुरू करायच्या आधी दिवसाचा प्लॅन लिहायचा असं ठरवलंय, पण आठवडाभर जमतं, मग एक दिवस चुकतो, वाटतं गेलं सगळं आणि डायरी तशीच पडून राहते. कुणाला जमलंय का?

> ते २१ दिवसांचं डोक्यातून काढा आधी. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने ९६ जणांवर अभ्यास केला होता, २००९ मध्ये आला, त्यात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८ तर कुणाला पार २५४ असा हिशोब निघाला. आणि मधे एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही हेही त्यातच दिसलं.

> अर्धा तास जास्त होतो हो. मी दोन पानांवर आणलं. पुस्तक रात्रीच ब्रशशेजारी ठेवते, दात घासून झाले की तिथंच उभ्याउभ्या वाचते (घरचे हसतात, हसू देत), मोबाईल दुसऱ्या खोलीत.

> प्लॅन सकाळी कशाला? निघताना उद्याचं पहिलं काम चिठ्ठीवर लिहा, कीबोर्डवर चिकटवा.

२५४ वाचून घाम फुटला राव 😅 दोन पानं मात्र जमतील.