सांदणची ट्रिप: सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा

बी-४०२: नमस्कार. लिफ्टजवळ सांदण दरीच्या ट्रिपची नोटीस पाहिली. ऑक्टोबरचा दुसरा शनिवार, ४० जण, मुलं ९ वर्षांपासून. हे कधी ठरलं?

सेक्रेटरी: ताई, गणपतीतल्या मीटिंगला ठरलं. तुम्ही नव्हता.

बी-४०२: होते. पंगतीला वाढत होते. असो. त्या दिवसांत परतीचा पाऊस गेलेला नसतो. दोन्ही बाजूंना दोनेकशे फुटांचा सरळ कातळ, मधे चिंचोळी घळ. वर साम्रद गावाकडे एक जोराची सर आली की सगळं पाणी तिथूनच खाली येतं, आपल्या डोक्यावर ऊन असलं तरी. बाजूला चढून जायला जागाच नाही.

ए-२०१: माझं एकच म्हणणं. घळीत पाणी साचतं, त्यातल्या पहिल्या पाण्यापर्यंत जायचं, बघायचं, परत साम्रदला यायचं. रॅपलिंगची, म्हणजे दोराने कडा उतरायची, गरज नाही.

डी-१०३: बस गेटवर लावणार का परत? हरिश्चंद्रगडाच्या वेळी पहाटे माझी गाडी बाहेर निघाली नव्हती.

सेक्रेटरी: तो विषय वेगळा आहे.

डी-१०३: माझ्यासाठी तोच विषय आहे.

सी-३०५: पूर्ण दरी उतरायची तर आधी वेळेचा हिशोब मांडा. दोराने उतरायचा पहिला टप्पा साधारण ४५ फुटांचा, पुढे दोन लहान. हार्नेस (अंगाला बांधायचे पट्टे) तपासणं, उतरणं, दोर मोकळा होणं, माणशी ६ मिनिटं धरली तरी ४० जणांना एका दोरावर ४ तास लागतात, तेही फक्त पहिल्या टप्प्याला. त्यानंतर मोठमोठ्या धोंड्यांतून खालच्या डेहणे गावापर्यंत चाल आहे. घळीत अंधार लवकर पडतो. म्हणजे दोन दोर आणि जास्तीत जास्त २० जण.

बी-२०४: चहा कुठे मिळणार तेवढं सांगा 😀

सी-३०५: साम्रदमध्ये. दरीत नाही. पाणी माणशी ३ लिटर, मीठ-साखर बरोबर.

ए-२०१: म्हणून म्हणतो, पहिल्या पाण्यापर्यंत जायचं आणि परत यायचं.

सी-४०१: काका, वाचलं आम्ही.

सी-३०५: दोराबद्दल कमिटीने आयोजकाला लेखी विचारावं. स्टॅटिक, म्हणजे फारसा न ताणणारा दोर, साडेदहा ते ११ मिमी. दोर बांधायला दोन स्वतंत्र अँकर, एक सुटला तरी दुसरा भार घेईल असे. कातळाच्या कडेला दोर घासतो तिथे खाली जाड गोणपाट. प्रत्येकाला वेगळ्या दोराने बिले, म्हणजे पडताना धरून ठेवणारा आधार. ओला दोर डिसेंडरमधून (उतरताना वेग आवरणारं साधन) वेगळा सरकतो, नवख्या माणसाचा हात सुटू शकतो आणि तेव्हा बिलेच त्याला धरतो. स्क्रूचे कॅरॅबिनर (दोर अडकवायच्या कड्या), आणि स्क्रू लावल्यावर दुसऱ्याने बोट लावून तपासायचा. केस घट्ट बांधलेले, ओढण्या-स्कार्फ सॅकमध्ये. डिसेंडरमध्ये केस अडकले तर माणूस अधांतरी लटकतो आणि सोडवणं फार अवघड.

बी-४०२: मुलांचं काय? मोठ्यांचा हार्नेस लहान मुलाच्या कमरेवर बसत नाही. मूल उलटं झालं तर त्यातून निसटतं.

सी-३०५: बरोबर. छातीचा पट्टा असलेला पूर्ण अंगाचा हार्नेस हवा. तो नसेल तर त्या मुलाने उतरायचं नाही. हेल्मेट सगळ्यांना. वरच्या माणसाच्या पायाने सुटलेला दगड खालच्याच्या डोक्यात बसतो. म्हणून दोराखाली कुणी उभं राहायचं नाही.

बी-२०४: (हा मेसेज डिलीट केला)

सेक्रेटरी: बी-२०४, मुलांचा विषय आहे, कृपया.

डी-१०३: आणि डेहण्यात उतरलात तर बस साम्रदलाच राहील! ड्रायव्हरला घोटी, कसारा, आसनगाव असा वळसा घालून यावं लागेल. त्याचे पैसे कोण भरणार? वर्गणी तेवढीच का?

सी-३०५: हा प्रश्न योग्य आहे. एकतर बस आधीच डेहण्याला पाठवायची, नाहीतर करोली घाटाने परत साम्रदला चढायचं. उतरून थकलेल्या लोकांना, त्यात मुलांना, तो चढ झेपेलच असं नाही.

सी-४०१: मग सीझनप्रमाणे ठरवा ना. पावसाळ्यात कळसूबाई, पण शनिवार-रविवार टाळून. शिड्यांवर रांग लागते, लोखंड निसरडं होतं, आणि वीज चमकायला लागली तर त्या शिड्यांवर थांबायचं नाही. पाऊस ओसरला की सोनकी फुललेली असते तेव्हा रतनगड. हिवाळ्यात सांदण. मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत काजवे.

ए-१०४: काजव्यांना येऊ. सगळ्यांसाठी मोठे टॉर्च घेऊ का?

सी-४०१: कृपया नको. नर-मादी एकमेकांना लुकलुकत्या उजेडानेच शोधतात. आपल्या टॉर्चने, गाडीच्या दिव्यांनी आणि मोबाइलच्या फ्लॅशने ते थांबतं. अभयारण्य आहे ते.

ए-२०१: सांदणही हिवाळ्यात, पण पहिल्या पाण्यापर्यंतच. तिथे पाणी किती असतं?

सी-३०५: काका, पाण्याचे दोन पट्टे आहेत आणि दुसरा जास्त खोल. त्या वर्षीच्या पावसावर अवलंबून. ऑक्टोबरात छातीपर्यंत लागू शकतं, उशिरा गेलं की उतरत जातं. पहाटे पाणी बर्फासारखं असतं. कोरडे कपडे जाड प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून सॅकमध्ये. बूट काढायचे नाहीत, तळाचे दगड सरकतात. तळ झिजलेले स्पोर्ट्स शूज कातळावर घसरतात.

बी-४०२: परफ्यूम मारून कुणी येऊ नका. कड्यांवर आग्या मोहोळं असतात. तिथे धूर, शेकोटी, आरडाओरडा नाही. आणि घळीत मुक्काम नाही, तंबू टाकायचे तर वर गावात.

सेक्रेटरी: ठीक. ऑक्टोबरची तारीख रद्द. जानेवारीचा पहिला किंवा दुसरा शनिवार, हवामानखात्याचा अंदाज दोन दिवस आधी बघून. २० जणांची रॅपलिंगची तुकडी, वय १४च्या वर, बस डेहण्याला. बाकीचे काकांबरोबर पहिल्या पाण्यापर्यंत, वेगळी गाडी. सी-३०५, दोराची यादी तुम्ही टाइप करून द्या, आयोजकाला पाठवतो.

ए-२०१: हेच मी सकाळपासून सांगतोय.

डी-१०३: दोन गाड्या. म्हणजे गेटवर दोन गाड्या.

सेक्रेटरी: दोन्ही मैदानाजवळ उभ्या राहतील. गेटवर एकही नाही.

डी-१०३: लेखी द्या.